बाहेरून बघायचे पैसे

लग्नाच्या शूटिंगच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. कॅमेऱ्याची बॅग झटकली की जशा अक्षता पडतात, तसे ते पडत राहतात. मी संगमनेरला अण्णांच्या स्टुडिओत चौदा वर्षं मिक्सिंग करते. मिक्सिंग म्हणजे सात-आठ तासांचं शूटिंग कापून दोन तासांचं करायचं, वर गाणी टाकायची आणि जेवणाऱ्यांची तोंडं काढून टाकायची. आम्ही तिघंच. अण्णा मालक आणि पहिला कॅमेरा, सलीम दुसरा कॅमेरा आणि कॉम्प्युटरचं सगळं, आणि मी.

बरेच किस्से सांगण्यासारखे नसतात. हे सर्व्हरचे सांगायला मात्र हरकत नसावी. अण्णांनी परवानगी दिलेली नाही, पण नको असंही म्हणालेले नाहीत.

*

सर्व्हर आला तो एका ट्रॅक्टरमुळे.

पठार भागातला एक नवरदेव लग्नानंतर दोन महिन्यांनी दुकानात आला. आम्हीच दिलेला पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, ह्याच्यात गानी भरून द्या. ट्रॅक्टरला लावायची हायत."

मी म्हटलं, "अहो, यात तुमचं लग्न आहे."

"ते झालं की आता."

त्यानं पुढे दुसरीकडून गाणी भरून घेतली. पंधरा दिवसांनी त्याची बायको लग्न मागायला आली. आमच्याकडची कॉपी तोवर पुसली गेली होती. ती भांडली नाही. बाकावर बसली, पाणी मागितलं, प्यायली आणि गेली. अण्णांना ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

त्याच आठवड्यात सलीमनं जुन्या कॉम्प्युटरला मोठाल्या हार्डडिस्क जोडल्या आणि तो वर अण्णांच्या घरी फ्रीजशेजारी ठेवला, कारण इन्व्हर्टर तिथे होता. हाच आमचा सर्व्हर. जुन्या लग्नांचं जे पुसायचं राहिलं होतं, कच्चं-पक्कं, तेही त्यानं यात भरलं आणि वर एक परदेशी सॉफ्टवेअर टाकलं. सगळी लग्नं त्यात पोस्टर लावल्यासारखी ओळीनं दिसायची. गिऱ्हाईकानं आपल्या टीव्हीवर ॲप घ्यायचं, नाव-पासवर्ड टाकायचा आणि गावाकडे बसून स्वतःचं लग्न बघायचं. अण्णा त्याला "आपलं ओटीटी" म्हणायला लागले.

*

त्या सॉफ्टवेअरला एक खोड होती. फोल्डरचं नाव वाचून ते स्वतःच ठरवायचं की हा सिनेमा कोणता, आणि इंटरनेटवरून पोस्टर आणून चिकटवायचं. लग्न नावाचा प्रकार त्याच्या गावीही नव्हता.

एका घरच्या लग्नाला त्यानं काळा कोट घातलेल्या, हातात पिस्तूल धरलेल्या गोऱ्या बाईचं पोस्टर लावलं. खाली इंग्रजीत माहितीही होती. घरातल्या कॉलेजवाल्या पुतण्यानं ती सासूबाईंना मराठीत वाचून दाखवली. शांत दिसणारी ही बाई पूर्वी माणसं मारायची, आता संसाराला लागली आहे, पण कोणी डिवचलं तर पुन्हा सुरू करते.

मी फोन करून म्हटलं, पोस्टर बदलून देते. तर सूनबाई हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. आठ दिस झालं, आत्याबाई मला चहा इचारत्यात."

*

विमलअक्का दुकानात आली ती डोळे पुसतच. जवळच्याच वाडीवरची, आमचं जुनं गिऱ्हाईक. तिच्या थोरलीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षं तिचा भाऊ, कोपरगावचे रंगनाथमामा, तिच्या दाराची पायरी चढले नव्हते. कारण एकच. भाचीच्या लग्नात सगळ्यांना फेटे बांधले, मामाला बांधला नाही. मामाला फेटा नाही म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता धाकटीचं लग्न महिन्यावर आलं होतं. मंगलाष्टकांना नवरीच्या मागे मामा उभा लागतो. अक्काला भाऊ एकच. आणि त्यांनी निरोप धाडला होता, 'दुसरा मामा बघा.'

अक्का म्हणाली, "मी सोता फेटेवाल्याला सांगितल्यालं. बांदलाय म्हंजे बांदलाय. शूटिंगमदी दिसंल. तेवढं दादाला दावा, म्हंजी यील त्यो."

मामा दुकानात येणार नव्हते. ज्याला गरज त्यानं दाखवावं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सलीमनं त्यांच्या नावाचं खातं काढलं आणि त्यांच्या सुनेला फोनवर सांगत-सांगत कोपरगावच्या टीव्हीवर ॲप घ्यायला लावलं. आमचा फोन स्पीकरवर. अक्का हात जोडून बसलेली. ॲप उघडलं आणि सून थांबली. पडद्यावर पाटी आली होती, घराबाहेरून बघायचं असेल तर आता पैसे भरावे लागतील. तिनं ती मोठ्यानं वाचली.

पलीकडून मामांचा आवाज आला, "बघा. माझा फेटा न्हाई त्यो न्हाई, वर बघायला बी पैसं मागत्यात."

फोन बंद झाला.

*

सलीमनं मेल शोधून काढला. सॉफ्टवेअरवाल्यांनी दोन गोष्टी एका दमात केल्या होत्या. सॉफ्टवेअर कायमचं घ्यायची किंमत जवळजवळ दुप्पट केली होती, आणि घराबाहेरून, म्हणजे सर्व्हर ठेवलेलं घर सोडून दुसरीकडून बघणं, जे आजवर फुकट होतं, त्याला पैसे लावले होते. ते दर महिन्याला नाहीतर दर वर्षाला भरायचे.

अण्णांनी शांतपणे ऐकलं. "व्हिडिओ आपलं. हार्डडिस्क आपली. लाइट आपली, नेट आपलं. मंग ह्ये पैसं कशाचं घेत्यात?"

"रस्त्याचे," सलीम म्हणाला.

"आपन लग्नाचं पैसं एकदाच घेतो. ह्ये दरसाल घेनार. दरसाल लगीन लावत्यात व्हय?"

तरी त्यांनी एक प्रयत्न करून बघितला. सलीमला बसवून कंपनीला मेल लिहायला लावला. आम्ही आपले जुने गिऱ्हाईक आहोत, तरी समजून घ्यावे. मिनिटाभरात आपोआप उत्तर आलं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

अण्णा खूश. "मोलाचं म्हनत्यात. आता खाली येत्याल."

चार दिवस वाट बघितली. पाचव्या दिवशी दुसरा मेल आला की आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? अण्णांनी पाच दिले. म्हणाले, बोलणी चालू असताना माणूस नाराज करू नये.

*

शेवटी सलीम म्हणाला, असंच दुसरं सॉफ्टवेअर आहे, पूर्ण फुकट. जगातली हौशी माणसं आपापलं काम सांभाळून ते बनवतात. बाहेरून बघा, आतून बघा, कोणी पैसे मागत नाही.

अण्णांना फुकट म्हटलं की संशय येतो. पोटात काहीतरी असणार, म्हणाले. हौस किती दिवस टिकते, म्हणाले. या लोकांना घरी बायका नाहीत का, असंही विचारून झालं. मग खरी अडचण बाहेर आली.

"बिगाडलं तर शिव्या कुनाला घालायच्या?"

"मला," सलीम म्हणाला.

"मंग टाक."

आठ दिवस सलीम फ्रीजशेजारी बसून होता. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जे आपोआप व्हायचं ते इथे हातानं करावं लागत होतं. अण्णांच्या घरचे दर अर्ध्या तासाला फ्रीज उघडायला येत आणि दर वेळी त्याची खुर्ची सरकवत. पण झालं. सगळी खाती नव्यानं निघाली, मामांचंही निघालं, नवं ॲप आणि पासवर्ड सगळ्यांच्या फोनवर गेले, मामांच्या सुनेच्याही, आणि बाहेरून फुकटात दिसायला लागलं. हार्डडिस्कवर जे होतं ते सगळंच दिसत होतं. मी कापून तयार केलेलं लग्नही, आणि त्याशेजारी दोन्ही कॅमेऱ्यांचं कच्चं शूटिंगही.

*

मामांना बघा म्हणून सांगण्याआधी आपण एकदा बघून घेऊ, असं अण्णा म्हणाले. सकाळची वेळ, दुकानात आम्ही तिघंच. अक्काच्या थोरलीचं मी केलेलं मिक्सिंग लावलं. फेटे बांधायचं गाणं होतं, डोक्यांची रांग होती, मामा कुठेच नव्हते. मग सलीमच्या कॅमेऱ्याचं कच्चं शूटिंग उघडलं.

मांडवाच्या कडेला खुर्च्या. फेटेवाला एकेकाच्या मागे उभा राहून गुलाबी फेटे गुंडाळतोय. त्याच्या पिशवीत एकच उरलाय, आणि शेवटच्या खुर्चीवर रंगनाथमामा बसलेत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. हातानं केस सारखे केले. मान ताठ केली. तेवढ्यात बाजूनं अण्णांचा आवाज आला, "ए, हिकडं आदी. वरात आली, लवकर." फेटेवाला वळला, सलीमचा कॅमेराही वळला. शेवटचा फेटा अण्णांच्या डोक्याला बसला. त्यांच्या हातात कॅमेरा होता आणि ते हसत होते. कॅमेरा परत फिरला तेव्हा मामा टोपी घालत होते.

नऊ वर्षांपूर्वी हे मीच कापलं होतं. शूटिंगमध्ये कॅमेरावाला दिसला की तेवढा भाग काढायचा, हा आमच्याकडचा नियमच आहे.

अण्णांनी स्क्रीन बंद केली. मग म्हणाले, "अक्काला फोन कर. सांग, सापडत न्हाई. नव्या सॉफ्टवेअरमदी गेलं."

मी म्हटलं, "अण्णा, सांगून टाका ना. एका फेट्याचाच प्रश्न आहे."

"धंदा हाय बाई. निम्म्या तालुक्याचं मानपान आपल्या शूटिंगवर मिटतंय. त्यात मीच असा निघालो तर?"

मला त्यांचा राग आला. फोन मात्र मीच केला, आणि मग स्वतःचाही आला. अक्का नुसतं "बरं" म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, मांडव, भांडी, घोडा, समदं भाड्यानं मिळतंय बघा." भाऊ तेवढा मिळत नाही, हे म्हणायच्या आधीच तिनं फोन ठेवला.

सलीमला वेगळंच लागलं होतं. "एक फाईल हरवलेली नाही," तो दिवसभर म्हणत होता. "पैसे घेणारं होतं तेव्हा त्याला पाच तारे दिले. हे फुकट आहे म्हणून याच्यावर काहीही ढकलायचं?"

*

दहा-बारा दिवसांनी बेलापूरहून एका आजींचा फोन आला. त्यांच्या नातीचं लग्न आम्ही केलं होतं. म्हणाल्या, "त्या कोपरगावच्या लग्नात पिवळ्या साडीतली पोरगी हाय, करवलीच्या शेजारी. कुनाची हाय? आमच्या धाकल्या नातवाला बघायचीय."

मी म्हटलं, "आजी, तुम्हाला कोपरगावचं लग्न कुठे दिसलं?"

"टीवीत. एकतीस लग्नं झाली बघून. दुपारची मालिका बंदच केली मी. ह्यातली मानसं खरी हायत." मग त्यांनी कोणाच्या पंगतीत जिलबी कमी पडली आणि कोणाची विहीण तोंड फुगवून बसली होती, तेही सांगितलं.

मी सलीमकडे बघितलं. त्यानं नव्या सॉफ्टवेअरमधलं खात्याचं पान उघडलं. खातं काढताना तिथे एक चौकोन असतो, 'सगळं दाखवा' असा. त्यात बरोबरची खूण आधीच केलेली येते. सलीमनं ती एकाही खात्यावरून काढली नव्हती. म्हणजे दोन आठवडे सगळा गिऱ्हाइकवर्ग एकमेकांची लग्नं बघत होता.

त्या दुपारी सलीमनं एकेक करून सगळ्या खुणा काढल्या. अण्णांना आम्ही काही सांगितलं नाही. आजींना मात्र आधी पिवळ्या साडीचं नाव-गाव कळवलं.

*

अक्काच्या धाकटीचं लग्न गावाबाहेरच्या लॉन्सवर होतं. फेटे बांधायला सुरुवात झाली तरी अक्का फाटकातच उभी. नवरीच्या मागे कोण उभं राहणार, हे तिला दोनदा विचारून झालं होतं आणि दोन्ही वेळा तिनं ऐकलं नसल्यासारखं केलं होतं. अण्णा तिच्याकडे कॅमेरा वळवतच नव्हते.

तेवढ्यात एक गाडी थांबली आणि रंगनाथमामा उतरले. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, हातात कापडी पिशवी. मामा अक्कासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पानी दे, इमल."

ती पळतच गेली. पाणी आणलं, पाया पडली, रडली. मग तिनं फेटेवाल्याचा दंड धरून त्याला सगळ्या रांगेतून ओढत मामांपाशी नेलं. "पैला माझ्या भावाला बांद. बाकीचं मागनं."

अण्णा समोरच कॅमेरा घेऊन उभे होते. हे शूटिंग घेणं भागच होतं. मामा खुर्चीवर बसले. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, केस सारखे केले. फेटेवाल्यानं फेटा उलगडला तसा मामांनी त्याचा हात धरला. शेजारच्या पिशवीतून एक कोरा गुलाबी फेटा काढला, त्याच्या हातात दिला आणि अण्णांकडे बोट केलं.

"आदी त्याचं उरक," मामा म्हणाले. "त्याला लई घाई असती."