वळचणीला उभं राहून

‘ईव्ह्जड्रॉप’ म्हणजे चोरून ऐकणं, एवढंच मला ठाऊक होतं. परवा शब्दकोश चाळताना कळलं, की छपराच्या पागोळ्या घराच्या कडेला जिथे पडतात, त्या जागेचं हे मूळ नाव. तिथे उभं राहून आतलं बोलणं ऐकणाऱ्यालाही पुढे तेच चिकटलं. म्हणजे आपली वळचणच की! आपण मात्र ‘चोरून’ म्हणतो. त्या इंग्रजी शब्दात चोरी नाही, नुसतं भिजत उभं राहणं आहे.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला कसली आलीय वळचण? तरी रोज संध्याकाळी मी तिथेच असते, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर. “गुडघा कसा आहे?” असं विचारलं की आई मला म्हणते, “बराय गं.” आणि फोनवर मावशीला सांगते, “जिना उतरवत नाही आता.” तिच्या दुखण्याची खरी बातमी मला अशीच मिळते.

काल मी मैत्रिणीला फोनवर सांगत होते, “नोकरीचं काही खरं नाही गं. आईला बोलले नाहीये.” फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, पोळ्या लाटण्याचा आवाज केव्हाच थांबला होता.

जेवताना आईने वाढलं, तेव्हा माझ्या पोळीवर तूप नेहमीपेक्षा जास्त होतं.