कॉर्नवॉलचे आमचे साडू

कॉर्नवॉल या इंग्लंडच्या परगण्याविषयी आमच्या साडूंइतकं बोललेला माणूस खुद्द कॉर्नवॉलात जन्मला नसेल, आणि तिथं पाऊलही न ठेवता इतकं बोललेला तर पृथ्वीच्या पाठीवर नसेल. साडू मूळचे दापोलीचे. कतारमध्ये दोहात मेट्रोचे बोगदे खणायला सुरुवात झाली तेव्हा ते सर्व्हेच्या कामाला लागले, आणि त्यांच्यावर साहेब म्हणून आला तो कॉर्नवॉलचा एक वयस्कर गृहस्थ. त्याचे बापजादे कथलाच्या खाणीत राबलेले. वर्षानुवर्षं बोगद्यात शेजारी बसून चहा पिता पिता त्या साहेबानं जे जे सांगितलं ते साडूंनी असं काही मुरवलं की, अल मुंतझातल्या त्यांच्या फ्लॅटवर गेलं की एसी गार व्हायच्या आत कॉर्नवॉल सुरू झालेलं असे.

"तीन बाजूंनी समुद्र हो, पुणेकर!" मला ते कधी नावानं हाक मारत नसत. पुणेकर म्हणत, आणि त्यात थोडी कीव असे. "टेमर नदी ओलांडलीत की इंग्लंड मागं पडलं. तिथल्या माणसाला इंग्रज म्हणून बघा, घरात नाही घेणार तुम्हाला. टेमर म्हणजे त्यांचा कशेडी घाट, उतरलं की आपली रत्नागिरी." एकदा सुट्टीच्या दिवशी आम्ही समैस्माला समुद्रावर गेलो होतो. तिथला समुद्र म्हणजे परातीतलं पाणी. त्यात साडू पँट दुमडून गुडघाभर उभे राहिले आणि "लाटेकडे पाठ करू नका!" म्हणून आम्हाला ओरडू लागले. लाट औषधालाही नव्हती. तिकडे कॉर्नवॉलला समुद्रात एक टेकडी आहे, तिच्यावर किल्ला आहे, ओहोटीला चालत जाता येतं नि भरतीला होडी करावी लागते, हे सांगण्यात ते इतके रंगले की माझी मुलगी "काका, व्हेअर इज द किल्ला?" म्हणत कितीतरी वेळ पाण्याकडे डोळे लावून बसली. ती रडकुंडीला आली तेव्हा आक्कांनी, म्हणजे साडूंच्या बायकोनं, तिला वाळूचा किल्ला करून दिला. आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि साडूंनी बिघडवलेलं निस्तरणं हे त्यांचं संसारातलं मुख्य काम.

खाण्याच्या बाबतीत तर साडू सोवळ्यातले. पावाला आधी जॅम आणि वर साय, ही कॉर्नवॉलची रीत. शेजारच्या डेव्हन परगण्यातले लोक आधी साय लावतात, म्हणून ते वाया गेलेले. नाशिकच्या एका बिचाऱ्या इंजिनिअरनं चहाला आल्यावर आधी साय लावली, तर साडूंनी त्याच्या हातातला पाव काढून घेतला आणि गंभीरपणे दुसरा दिला. पण खरी गंमत दिवाळीत. तिथले खाणकामगार डब्यात मटण-बटाटा भरलेली मोठी करंजी न्यायचे, मळक्या हातांनी मुरडीला धरून खायचे आणि मुरड टाकून द्यायचे. साडूही आमच्या नारळाच्या करंज्या तशाच खात. "मुरड घालून घालून माझी बोटं मोडतात, आणि हे तीच टाकतात!" आक्का कडाडत. "अगो, ती टाकायची नसते, ठेवायची असते," साडू म्हणत. खाणीत म्हणे बुटकी भुतं असतात. दरड कोसळायची असली की ती भिंतीवर टकटक करून माणसांना सावध करतात, म्हणून त्यांच्या नावानं तुकडा ठेवायचा. साहेबानं बोगद्यात पहिल्यांदा असा तुकडा ठेवला तेव्हा साडूंनी डब्यातली खोबऱ्याची वडी काढली आणि आपल्या गावाकडच्या राखणदाराच्या नावानं शेजारी ठेवली. दोघं एकमेकांकडे बघून हसले, आणि त्या दिवसापासून साहेब आणि हाताखालचा माणूस हे नातं खलास.

पुढं साहेब निवृत्त होऊन घरी गेला. जाताना सांगून गेला की फुटबॉलच्या वर्ल्डकपला येईन, आपण खणलेल्या बोगद्यातून आपल्याच गाडीनं स्टेडियमला जाऊ. साडूंनी ते मनाशी धरून ठेवलं. सगळं शहर स्पर्धेची दिवसगणती करत होतं, साडू साहेबाची करत होते. पण ज्या वर्ल्डकपसाठी मेट्रो उभी राहिली तो यायच्या आधीच ती उभी करणाऱ्यांचं काम संपलं. साडूंचं कंत्राट दिवाळीनंतर संपत होतं, साहेबाचं तिकीट त्यानंतरचं. मुदत वाढवून मिळावी म्हणून साडू ऑफिसात खेटे घालून आले. सगळे "इन्शाल्ला" म्हणाले, आणि मुदत काही वाढली नाही. तेव्हापासून साडूंच्या घरात कॉर्नवॉलचं नाव निघेनासं झालं. पावाला काय आधी लावलंय इकडेही त्यांचं लक्ष नसे. ते बघून मला वाईट वाटे, आणि मी मुद्दाम आधी साय लावून पाही.

"साहेबाला कळवा ना," मी म्हटलं.

"छे हो! एवढं तिकीट काढून बसलाय म्हातारा. आपल्यासाठी त्यानं मॅच सोडायची?"

आक्कांना हे ऐकवेना. इंग्रजी बोलायची वेळ आली की त्या एरवी स्वयंपाकघरात जात. त्या दिवशी साडू आंघोळीला गेलेले बघून त्यांनी साडूंचा फोन उचलला आणि माझ्यासमोर थेट कॉर्नवॉलला लावला. "यू कम दिवाळी," आक्का खणखणीत आवाजात म्हणाल्या. "फुटबॉल नो. ही गोइंग इंडिया. यू कम दिवाळी. करंजी!" पलीकडून साहेब एवढंच म्हणाला, "येस, आक्का."

आणि तो आला! मॅचचं तिकीट भाच्याला देऊन आला. साडूंनी दार उघडलं. त्यांनी साहेबाचा हात दोन्ही हातांत धरला तो सोडलाच नाही. मी आपला कॉर्नवॉलविषयी काही ऐकायला मिळेल म्हणून सरसावून बसलो, तर साहेबानं मलाच विचारलं, मी कोकणातला का. पुण्याचा म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर तीच कीव आली. मग त्यानं मला हर्णैच्या बंदराबद्दल सांगितलं, मासळीचा लिलाव सांगितला, समुद्रातला सुवर्णदुर्ग सांगितला. दापोलीला तो कधीच गेलेला नव्हता. त्याची बायको म्हणे वैतागलीय, आणि गावातल्या पबात हा आला की लोक हापूसचा विषय निघायच्या आत ग्लास संपवतात. साडू खाली मान घालून ऐकत होते. त्यांचे डोळे भरले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेट्रोनं गेलो. गाडीत खायला बंदी, म्हणून दोघांनीही करंजीची मुरड कागदात गुंडाळून खिशात ठेवली होती. त्यांनी खणलेल्या एका वळणावर दोघं अंधाऱ्या काचेकडे बघत राहिले. बाहेर पडल्यावर स्टेशनजवळच्या नव्यानं लावलेल्या झाडाच्या बुंध्याशी त्यांनी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले.

त्या आठवड्यात साहेब कॉर्नवॉलला गेला आणि साडू दापोलीला. विमानतळावर निघताना आक्कांनी माझ्या हातात करंज्यांचा डबा दिला. "मुरड खाऊन टाकू नका हो. स्टेशनाबाहेर ठेवा."

"आक्का, तुम्हीसुद्धा?"

"म्हातारे दोघंही चालले. आता बोगद्याकडे बघायला आहे कोण?"

आता रस्तोरस्ती झेंडे लागलेत, आणि देशोदेशीचे लोक गाणी म्हणत त्या बोगद्यातून जायला लागलेत. मला साडूंची फार आठवण येते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, मी पुण्याचा आहे. तरी ऑफिसला जाताना त्या झाडापाशी मी थांबतो, इकडेतिकडे बघून खिशातला तुकडा ठेवतो, आणि हात जोडावेत की नाही ते ठरत नाही म्हणून जरा वेळ तसाच उभा राहतो.