विकणाऱ्याची बहीण

तुम्ही घर घेताना विकणाऱ्याला बहिणी किती, हे विचारलं होतं का? खरं सांगा. भिंतींना ओल येते का, नळाला पाणी किती वेळ असतं, शेजारी कोण, हे सगळं विचारलं असेल. गच्चीवर जाऊन टाकीत डोकावलंही असेल. आम्हीही डोकावलो होतो. बहिणीचं मात्र विचारलं नाही, आणि त्यापायी एप्रिलपासून दिवाळीपर्यंत आम्ही दुसऱ्याच्या घरात कोंडून राहिलो.

बाबा रेल्वेत होते. माझा जन्म बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधला. आमच्या घरात खेळणी कमी आणि पत्रकं जास्त. बाबा कामगारांच्या सभांची पत्रकं छापून आणायचे आणि आई न् मी जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. हातावर शाई उतरायची. पुढे मी मोठी झाले आणि पत्रकांचा मजकूर लिहू लागले. आठ मार्चला, महिला दिनी, आमच्या महिला मंडळाने वाटलेलं शेवटचं पत्रक माझंच होतं. त्यात मी लिहिलं होतं की बापाच्या घरात लेकीचा वाटा आहे, तो मागताना लाजू नका.

बाबा निवृत्त झाले. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायला मुदत मिळते आणि ती संपल्यावरही लोक काही ना काही कारण काढून राहतात. बाबांना ते पटणारं नव्हतं. "सरकारचं घर मी एक दिवसही जास्त ठेवणार नाही," ते म्हणाले. म्हणून अमरावतीत घराचा शोध सुरू झाला.

घर दाखवणारे लोक आधी फार गोड बोलायचे. खोल्या दाखवायचे, मोजमाप सांगायचे. मग परत निघताना, चपला घालता घालता, अगदी सहज: "आडनाव काय म्हणले तुमचं?" बाबा सांगायचे. दुसऱ्या दिवशी फोन यायचा की घर घरच्याच माणसाला देऊन टाकलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी बाबांनी आडनाव आधीच सांगून टाकलं, म्हणजे चपला तरी काढायला नकोत.

त्या पाचव्या घराचा मालक हसला. पन्नाशीचा माणूस, एका शाळेत कारकून. "मले आडनावाशी काय करायचं, भाऊ? माणूस पाह्यला की समजते," तो म्हणाला. त्याच्या वडिलांनी बांधलेलं गावाबाहेरच्या वस्तीतलं बैठं घर होतं ते. तीन खोल्या, मागे मोरी, पुढे थोडी मोकळी जागा. त्या दिवशी बाबा घरी आले ते एखादी सभा जिंकून आल्यासारखे.

आमची चूक इथे झाली. ज्याने आमचं आडनाव विचारलं नाही, त्याला आम्ही कागद विचारले नाहीत. त्याने घरपट्टीची पावती दाखवली, विजेचं बिल दाखवलं. दोन्हींवर त्याचंच नाव. मी म्हटलं, वकिलाकडून एकदा जुनी कागदपत्रं तपासून घेऊ. बाबा भडकले. "इतक्या दिवसांत एक माणूस माणसासारखा वागला, त्याच्यामागे वकील लावायचा?" मीही गप्प बसले, कारण मलाही तो माणूस आवडला होता. आता सांगते, कुठेतरी लिहून ठेवा. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. कर कोणाच्या नावे भरला जातो, एवढंच ती सांगते. घर कोणाचं हे नगर भूमापन कार्यालयाच्या कागदावर असतं, आणि त्या कागदावर त्याच्या वारलेल्या वडिलांचं नाव होतं. तो कागद आम्ही पाहिलाच नाही. स्टँपवर इसारचिठ्ठी केली आणि बाबांच्या निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग देऊन टाकला.

दुसरी चूक सांगायला जास्त लाज वाटते. आमच्याकडे मुहूर्त पाहत नाहीत. वास्तुशांत नाही, नारळ नाही, उंबरठ्यावर लिंबू नाही. नात्यातलं कोणी गुरुजींना विचारून घरात शिरलं की आम्ही त्यांची थट्टा करतो. पण राहायला कधी जायचं म्हटल्यावर बाबा म्हणाले, "चौदा एप्रिल." आई म्हणाली, "चौदा एप्रिलच." मीसुद्धा म्हटलं. जयंतीच्या दिवशी स्वतःच्या घरात पाऊल टाकायचं, याहून मोठं काय? रजिस्ट्री मे महिन्यात होती. क्वार्टरची मुदतही तोवर होती; महिनाभर थांबलो असतो तर ते हातात राहिलं असतं. पण दिवस ठरला होता आणि तो आम्हाला कोणत्याही पोथीतल्या मुहूर्तापेक्षा पक्का वाटला. तेरा तारखेला बाबांनी क्वार्टरची किल्ली परत केली. चौदाला छोट्या टेंपोत सामान भरून आम्ही निघालो. वाटेत मिरवणुकांचे निळे झेंडे होते आणि आई पुढच्या सीटवर बसून रडत हसत होती.

मे महिन्यात रजिस्ट्रीचे कागद लिहून घ्यायला आम्ही अर्जनवीसाकडे गेलो. म्हातारा माणूस, कचेरीच्या भिंतीला लागून त्याचं टेबल. त्याने कागद पाहिले आणि चष्म्यावरून मालकाकडे बघितलं.

"घर बापाच्या नावानं हाये. बाप मयत. माय?"

"तीबी नाही."

"भाऊ-बहीण?"

"एक बहीण हाये. अकोल्याले देली."

"मंग ती कुठं हाये?"

"सांगतलं ना, अकोल्याले देली."

"देली म्हणजे मेली नाही ना, बाप्पा! आणा तिले सहीले. नाही तं तिचं हक्कसोडपत्र आणा."

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. मालकही हसला. म्हणाला, "राखीले येते ते. घेऊन टाकतो सही." सगळ्यांना हे इतकं साधं वाटलं की मलाही क्षणभर साधंच वाटलं.

मग सुरू झाला तो उन्हाळा. घर आमचं नव्हतं आणि मागे जायला क्वार्टर नव्हतं. मालकाने हात जोडून सांगितलं होतं, "रजिस्ट्रीपावतर भिंतीले हात लावू नका." म्हणून कूलर खिडकीत बसवता आला नाही. तो खोलीच्या मधोमध स्टुलावर उभा राहून गरम वाफ फेकायचा. तसबिरी जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. येणाजाणाऱ्याचा पाय लागेल म्हणून आईने त्यांच्यापुढे खुर्ची आडवी लावली. पुस्तकांची खोकी दोरीसकट तशीच. तीनपैकी एका खोलीला मालकाचं कुलूप होतं, आत त्याच्या वडिलांचं सामान. रविवारी तो यायचा, कुलूप उघडायचा, एखादी वस्तू न्यायचा आणि जाताना सगळीकडे नजर फिरवायचा. तो आला की बाबा स्वतः आत राहत असलेल्या घरात उठून उभे राहायचे. ते मला सहन व्हायचं नाही. आयुष्यभर साहेबापुढे न उठलेला माणूस.

राखीपौर्णिमा आली. बहीण आली नाही. सासूचं दुखणं निघालं म्हणे. त्यानंतरच्या रविवारी मालकाने माझ्या हातात टाइप केलेला कागद ठेवला. हक्कसोडपत्राचा मसुदा. "मले सुट्टी नाही भेटत. तुमी शिकेल हा, तुमीच जाऊन पटवा तिले. एकदा यावर सही देली की रजिस्ट्रीच्या दिवशी ते नाही म्हणत नाही. घर तुमाले पायजे ना?"

निघताना आईने मला दारात थांबवलं. "बाई, तिथं पत्रक वाचू नको. सही घे आन् घरी ये."

बडनेऱ्याहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीत मी तो कागद वाचला. 'मी माझा हिस्सा स्वखुशीने व कोणताही मोबदला न घेता सोडत आहे.' आठ मार्चच्या पत्रकात मी हे वाक्य चौकटीत टाकलं होतं आणि त्यावर मोठी फुली मारली होती. आता तेच वाक्य मी एका बाईकडे सहीसाठी घेऊन चालले होते. मूर्तिजापूर आलं तेव्हा उतरून परत जावंसं वाटलं. पण परत कुठे जाणार होते? त्याच घरात.

तिचं घर अरुंद गल्लीत होतं. दारातच साड्यांना फॉल लावायचं मशीन. चाळिशीची बाई. मी कोण ते सांगितल्यावर तिने मशीन थांबवलं.

"आमचं घर तुमी घेतलं? मले तं कोणी सांगतलंच नाही." मग लगेच, "मोरीतलं पाणी अजून तुंबते का?"

"तुंबतं," मी म्हटलं.

"बाबाले किती डाव सांगतलं होतं मी, उतार काढा म्हणून." तिने चहा टाकला. दोघी बोलत बसलो. वडिलांच्या शेवटच्या आजारात दोन महिने तीच तिथे राहिली होती. भाऊ शाळेतून आला की दारातूनच विचारायचा, जेवले का. मग तिने स्वतःच हात पुढे केला. "आना कागद. त्याच्यासाठीच आल्या ना तुमी?"

मी दिला. पेनही दिला. आणि मग माझ्याने राहवलं नाही. "ताई, ही सही दिली की तुमचा वाटा जातो. कायद्याने तो अर्धा आहे. तुम्ही नाही म्हणू शकता."

तिने पेन मशीनवर ठेवला.

"मले मालूम नाही असं वाटते तुले? बारावी शिकेल हावो मी." तिचा आवाज चढला नव्हता. "वाटा मागतला तं भाऊ तुटते. राखीले मले कोण बलावन? तुयं पत्रक बलावन?"

मी पत्रकाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. असली पत्रकं तिच्याही गल्लीत वाटली जात असावीत, माझ्या बोलण्यात तिने ती ओळखली.

इतकी वर्षं मी समजत होते की बायका वाटा सोडतात कारण त्यांना कोणी सांगत नाही. हिला सगळं माहीत होतं. तिने भाव करून ठेवला होता: अर्धं घर देऊन माहेराचा दरवाजा. आणि तो दरवाजा तर आता आमच्या ताब्यात होता. मी कागद आणि पेन तिथेच ठेवला. "तुम्हीच ठरवा. मी सही नेणार नाही," म्हटलं आणि निघाले.

आई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ती अशी: "तुह्या तत्त्वाले छप्पर नाही लागत. आमाले लागते." बाबा वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. पुढच्या रविवारी मालक आला नाही. त्याऐवजी एक माणूस आला आणि दारातूनच सांगून गेला की दुसरं गिऱ्हाईक आहे, तुमचा इसार परत घ्या, घर खाली करा. कुठे जायचं? पुन्हा चपला काढायच्या, पुन्हा आडनाव सांगायचं. पावसाळा संपत होता, हवा उघडली होती, आणि आम्ही तिघं दारं लावून बसायचो, जणू कोणी आम्हाला हात धरून बाहेर काढेल.

सप्टेंबरअखेर अकोल्याहून फोन आला. भाऊ तिच्याकडे गेला होता. सही का दिली नाहीस म्हणून गल्लीत उभा राहून ओरडला होता. तिने मला त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"म्हणे, 'त्या लोकायनं फितवलं तुले. ते लोक असेच असतात.'" मग म्हणाली, "तुमी कोणते लोक ते मले तवापावतर मालूमबी नव्हतं, बाई. मले राग आला तो याचा, का मी आपल्या डोक्यानं थांबली असन, हे त्याले वाटलंच नाही. मी सही करीन. पण बेचनारी म्हणून. माह्या नावानं, माह्या हिश्शाचे पैसे घेऊन. सांगून द्या त्याले."

बाबांना मी तो सगळा निरोप सांगितला, 'ते लोक' हे शब्दही गाळले नाहीत. गाळायला हवे होते का, अजून ठरत नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे आडनाव त्याच्या लक्षात होतं."

तिच्या सहीशिवाय घर कोणालाच विकता येणार नव्हतं, म्हणून शेवटी भावाने मान्य केलं आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी रजिस्ट्री झाली. वकील या वेळी बाबांनीच लावला. विकणारे म्हणून दोन नावं, दोन फोटो, दोन अंगठे. भाऊ आणि बहीण एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले होते. अंगठा उमटवून तो उठला आणि तिच्याकडे न पाहता गेला. आई तिला म्हणाली, "घरी चला, जेवून जा." ती म्हणाली, "नको. आता ते तुमचं घर हाये. मले तिथं जावंसं नाही वाटत." आणि बसस्टँडकडे गेली. त्या भाऊबीजेला ती अकोल्यातच होती. मी फोन केला तेव्हा मशीनचा आवाज येत होता.

घर आमचं झालं. कागदावर काही खोट नाही. पण घर विकलं जातंय हे तिला आमच्याकडून कळलं, आणि तेही आम्ही त्यात राहायला गेल्यावर. त्यासाठी मी भावाला जितका दोष देते तितकाच स्वतःलाही देते, कारण इसाराच्या आधी एक प्रश्न विचारायला आम्हाला कोणी अडवलं नव्हतं.

म्हणून मागणं आहे, आणि ते आजच करा. घर घेणार असाल तर इसार देण्याआधी मूळ कागदावरचं नाव पाहा. ते नाव मयताचं असेल तर त्याच्या लेकी कुठे दिल्यात ते विचारा, आणि त्यांच्या दारी स्वतः जा. हातात हक्कसोडपत्र घेऊन जाऊ नका. विकणारी म्हणून सही कराल का, असं विचारा आणि तिच्या हिश्शाची रक्कम तिच्याच खात्यात भरा. आणि तुम्ही विकणारे असाल, भाऊ असाल, तर हे वाचून झाल्यावर बहिणीला फोन लावा. घर विकायचं आहे, हे तिला तुमच्या तोंडून आधी कळू द्या.