एक्का-राजा हातात, तरी पॅक

मंडळी, हाताला अजून कोळंबीचा वास आहे, तोवरच लिहून टाकते.

आज दुपारी सुकापूरच्या घरी तीन पत्ती रंगली. आमच्याकडे पैसे नाही, चिंचोके लावतात. ज्याचे आधी संपतील, त्याने घरादाराची कोळंबी सोलायची.

एका डावात मी आणि सासूबाईच उरलो. माझ्याकडे एक्का, राजा, गुलाम. जोडी नाही, रंग नाही. सासूबाई उरणच्या कोळीणबाई, पत्ते न बघताच चाल देत होत्या. म्हणून मीही रेटत होते.

मग त्यांनी पत्ते उचलले, बघितले आणि चाल दुप्पट केली.

शो मागून दोघींचे पत्ते उघडायचे, तर त्यासाठी उरलेले सगळे चिंचोके लावावे लागणार. मी पॅक केलं, पत्ते टाकून डाव सोडला. त्यांनी पत्ते तसेच उलटे कॅटात सरकवले.

वाचवलेले चिंचोके पुढच्या डावांत गेलेच.

"आई, मघाशी काय होतं हो तुमच्याकडे?"

कोळंबीची पाटी माझ्यापुढे ढकलत त्या म्हणाल्या, "बगायचं व्हतं तं शो मागायचा. आता सोल."

खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं? आणि ते तीन पत्ते त्यांच्याकडून कोणी वदवून घेतले, तर त्याचीही कोळंबी मी सोलून देईन.