काचेच्या पेटीतलं व्याकरण

"अरे, तुझी भाषा भाषणाची नाही. आवाज मोठा आहे तुझा. तू गाड्यांचे नंबर पुकार."

असं म्हणून सरांनी वक्तृत्व स्पर्धेच्या यादीतलं माझं नाव खोडलं. सगळ्यांसमोर. वर हातात चिठ्ठी दिली. हॉलच्या दारात कुणीतरी गाडी आडवी लावली होती. मी माईकवर नंबर वाचला आणि म्हणालो, "पांढरी गाडी हाय, जरा बाजूला घ्या." हॉल हसला. मीपण हसलो. त्या माझ्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

हे बहरीनमधलं आमचं मराठी मंडळ. सर पुण्याचे, बँकेत मोठ्या जागेवर, मंडळाचे अध्यक्ष. मी राजापूरकडचा सुतार, इथल्या गुदैबिया भागात चौघांच्या खोलीत राहतो. मंडळाचं स्टेज मी ठोकायचो, त्यावर उभे राहायचे ते. इंजिनियर लोकांना 'अहो', मला 'अरे'. वयाने मी मोठा.

खरं सांगतो, मला सरांचा हेवा वाटायचा. गाडीचा नाही, व्हिलाचा नाही. जिभेचा. ते बोलायला लागले की लोक हातातला चहा खाली ठेवत. मी बायकोशी फोनवर बोलतानाही अडखळतो. खोलीत कुणी नसलं की आरशासमोर त्यांच्यासारखा हात वर करून बघायचो. जळायचो नुसता.

मग एकदा सरांनी घरी बोलावलं. त्यांनी लंडनहून जुनं पुस्तक आणलं होतं. अठराव्या शतकातलं इंग्रजी पाठ्यपुस्तक. आधी व्याकरण, पुढे भाषण कसं करावं, हात कुठे धरावा, त्याची चित्रंसुद्धा. त्याला सागवानी पेटी हवी होती, वर काच, पुढे कुलूप. मी टेप काढून वाकलो.

"हात लावू नको! घामाचे डाग पडतात. वरून माप घे."

वरून घेतलं. पण राहवलं नाही. "सर, ह्या बुकात लिवलाय काय?"

"तुला काय करायचंय?" सर म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला आणि ते आत गेले.

त्यांची मुलगी तिथेच सोफ्यावर बसली होती, बारा-तेरा वर्षांची. तिनं उठून पुस्तक उघडलं, सुरुवातीचं पान वाचलं. "काका, इट्स जस्ट अ स्कूलबुक. दुकानात, वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांसाठी. ज्यांना कॉलेज नाही मिळालं ना, फॉर देम. रायटरनेच लिहिलंय."

पानाच्या कडेला काळा डाग होता. शाईचा अंगठा. रुंद, माझ्यासारखा. कुणीतरी काम उरकून आला असेल, हात न धुताच शिकायला बसला असेल. त्याला कुणी वरून माप घ्यायला लावलं नव्हतं.

माझं डोकं सणकलं. म्हणजे हे माझ्यासारख्यांसाठी छापलेलं पुस्तक. आणि त्याला कोंडायची पेटी मीच करायची!

पेटी केली. नीट केली, कामात मी बेइमानी करत नाही. कुलूप नाही लावलं. सरांनी विचारलं, "कुलूप कुठंय?"

"ता मी लावणार नाय. दुसरा सुतार बघा."

सर लाल झाले. तेव्हापासून मंडळाचं एकही काम माझ्याकडे आलेलं नाही. स्टेज आता दुसराच कुणी ठोकतो.

हेवा गेला असं म्हणणार नाही. आजही जळतो. ती जीभ मला का नाही मिळाली, हा प्रश्न मी सोडणार नाही. पण त्यांच्यासारखं बोलायची हौस मात्र फिटली. आरशासमोर आता मी माझंच बोलतो.

येत्या शुक्रवारी पुन्हा स्पर्धा आहे. यादीत मी माझं नाव स्वतः लिहून आलोय, पेन दाबून. ते खोडतील. खोडलं तरी मी स्टेजवर चढणार. चिठ्ठी दिली तर परत देणार. मग माईक बंद करतील. करू देत. माझा आवाज मोठा आहे, हे त्यांनीच सगळ्यांसमोर सांगितलंय.