तांड्याच्या लाईनवरचा माझा जोड

पीजी क्लॅम्प काय असतो असं कुणी विचारलं तर मी दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून दाखवते. मुठीत मावेल एवढी ॲल्युमिनियमची दोन पानं. आतून प्रत्येकाला दोन-दोन खाचा. एका खाचेत ही तार, दुसरीत ती तार, वरून दुसरं पान ठेवायचं आणि मधले दोन बोल्ट पान्यानं आवळायचे. झालं काम. ना डाग द्यायचा, ना पीळ मारायचा. दोन्ही तारा एकमेकींना धड शिवतसुद्धा नाहीत, नुसत्या त्या पानांत दाबून बसतात, आणि इकडची वीज तिकडं जाते. मला लाईनवर काम करून तेरा वर्षं झाली, पण ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. दोन बोल्टांच्या भरवशावर गावंच्या गावं दळतात, पाणी भरतात, लेकरांचा अभ्यास घेतात. मी घरी हे बोलायला लागले की नवरा म्हणतो, "सुरू झालं हिचं." होऊ दे सुरू. ज्याला ह्याचं नवल वाटत नाही त्यानं खांबावर चढूच नये, असं माझं स्वच्छ मत आहे.

आखाडा बाळापूरच्या बाजूची काही गावं आणि दोन-तीन तांडे माझ्याकडं आहेत. बाई खांबावर चढते म्हणून सुरुवातीला लोक चहा सोडून बघायला यायचे. मी वरूनच म्हणायचे, तिकीट लावू का? हळूहळू सवय झाली त्यांना. मला हे काम शिकवलं ते आमच्या सगळ्यात जुन्या वायरमननं. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. तरुणपणी ते टेलिफोनच्या उघड्या तारांवर रोजंदारीनं होते. तेव्हा तारा हातानं पिळून जोडायच्या. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांवर त्या पिळाचे वळ अजून आहेत. ते क्लॅम्प हातात घेतात तेव्हा आधी अंगठ्यानं त्याच्या खाचा चाचपतात, हळदीचं कांड निवडताना चाचपावं तसं. मला पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "बाई, तार चमकंस्तोवर ब्रश मारायचा. खाचंला बी मारायचा. मंग ग्रीस. मंगच आवळायचं. ह्यात कसूर केली तर माज्यासंग येऊ नको." मी आजवर कसूर केली नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

मागच्या मार्चमधली गोष्ट. शिवारात हळद शिजवायचं काम जोरात होतं, सगळ्या रस्त्यानं तो उग्र वास. दुपारी एकच्या सुमारास एका तांड्यावरून फोन आला. बोलणारी त्या घरातली सून होती. तिची सासू सगळ्या तांड्याची याडी, म्हणजे आई. उभा जन्म चुलीपुढं फुंकणी मारून बाईची फुफ्फुसं निकामी झालेली. दिवाळीच्या आधी दवाखान्यातून घरी आणली तेव्हा सोबत ऑक्सिजनची मशीन दिली होती, ती दिवसरात्र लावून ठेवायची.

"ताई, मशीन बोंबलून राहिली," सून म्हणाली. "व्होल्टेज न्हाई मनून बंदच पडून राहिली. मी शिलेंडर लावलंय. दीड तास पुरंल मनून दवाखान्यात सांगितल्यालं."

"ॲम्ब्युलन्स?"

"पेशंट घेऊन नांदेडला गेली म्हनत्यात. यायला दोन तास."

इथं मला माझं एक पाप सांगितलं पाहिजे. त्या तांड्यावरून व्होल्टेज कमी येतं अशी तक्रार दिवाळीपासून तीन वेळा आली होती. तिन्ही वेळा मी फोनवरच झटकलं होतं. "तुमचा लोड जास्त आहे. आधी आकडे काढा, मग मला फोन करा." न जाता, न बघता. तांडा म्हटलं की तारेवर आकडे टाकून चोरून वीज घेणारे लोक, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या तोंडात बसलेलं आहे. माझ्याही तोंडात बसलेलं होतं. माझी जीभ तशीही जरा पुढंच धावते.

मामांना मागं बसवलं आणि स्कूटी काढली. डीपी म्हणजे आमचा ट्रान्सफॉर्मर तांड्यापासून चांगला लांब, ओढ्याच्या अलीकडं. तिथं मोजलं तर व्होल्टेज दोनशे तीस, एकदम बराबर. तांड्यात जाऊन मोजलं तर एकशे पंचेचाळीस. म्हणजे मधल्या नऊ खांबांत कुठंतरी जोड बिघडला होता आणि वीज तिथं अडून नुसती तापत होती. तांड्याला एकच फेज जाते, नाहीतर त्यांचं घर दुसऱ्या फेजवर टाकून मी दोन मिनिटांत मोकळी झाले असते.

त्या घरात मी पहिल्यांदा ती मशीन बघितली. चाकं लावलेली एक पेटी, गुडघ्याएवढी. सून म्हणाली की ही खोलीतलीच हवा आत ओढते आणि त्यातला ऑक्सिजन तेवढा गाळून देते. मी बघतच राहिले. बाहेरून काही आणायचं नाही, भरायचं नाही, त्याच खोलीतली हवा. फक्त वीज पाहिजे. आजी खाटेवर उशीला टेकून बसली होती, हातात कोपरापर्यंत बांगड्या, नाकात नळी. नळी आता पेटीला नव्हती, शेजारच्या छोट्या सिलेंडरला होती. सिलेंडरवर एक घड्याळ आणि त्यात काटा.

"आजी, जोड शोधायला लाईन बंद करावी लागंल," मी म्हणाले. "मशीन लागायचीच न्हाई तोवर."

आजीनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. बोलण्यात श्वास घालवायला ती तयार नव्हती. मला त्या मान हलवण्याची भीती वाटली. एवढा विश्वास टाकला होता तिनं.

डीपीवरचा स्विच पाडला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातले, तारा अर्थ केल्या. मामांचे गुडघे गेलेले, ते खाली आणि मी वर. मामा म्हणाले, "तुज्या फाट्यावरनं सुरू कर. डीपीजवळचा पयला जोड."

फाट्यावरचा जोड म्हणजे जिथून तांड्याची लाईन मुख्य लाईनपासून फुटते तो. तो मी स्वतः दसरा झाल्यावर नवा क्लॅम्प घालून केला होता.

मी म्हणाले, "मामा, तो माझा आहे. नवा आहे. त्यात काही नसतं. आधी ते जुने पिळाचे बघते."

मी चढले.

आता उन्हात लोखंड, तार, सगळंच तापलेलं. हात लावून काय कळणार? ते मामांनीच शिकवलं होतं. आधी तारेला हात लावायचा, मग जोडाला. निरोगी जोड तारेपेक्षा थंड लागतो, कारण त्याला अंग जास्त असतं. ज्या जोडातून वीज सुखानं जाते तो आजूबाजूच्या तारेहून थंड, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मामा चेष्टा करतात असं वाटलं होतं. मग स्वतः हात लावून बघितलं आणि अंगावर काटा आला. बिघडलेला जोड मात्र तापलेला असतो, वीज बंद केली तरी बराच वेळ.

दुसरा खांब. तार, मग जोड. थंड. तिसरा, थंड. पाचव्यावर हातानं मारलेला पीळ होता, कुणी कधी मारला देव जाणे. वाटलं हाच असणार. तोही थंड. जाता जाता एक गोष्ट ध्यानात आली, नऊ खांबांत तांड्याच्या बाजूनं एकही आकडा नव्हता. एकही नाही. पण तेव्हा त्यावर विचार करायला वेळ नव्हता. नवव्या खांबावरून उतरले तेव्हा बेचाळीस मिनिटं गेली होती. सून धावत आली. "ताई, काटा लाल पट्ट्यात आला."

मामांनी नुसतं स्कूटीकडं बोट केलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फाट्याच्या खांबावर चढले. तारेला हात लावला, उन्हाएवढी गरम. क्लॅम्पला लावला आणि चटका बसला. वीज बंद करून पाऊण तास झाला तरी चटका. बोल्ट सैल करताना पाना दोनदा घसरला. पान उघडलं. खाचेत डांबरासारखा जळका थर, तार एका बाजूनं खाल्लेली, आणि कडेला, जिथं जाळ पोचला नव्हता तिथं, लालभडक रेघ.

कुंकू होतं ते.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याच्या घरी विळा-कुऱ्हाड, आमच्या घरी माझी पकड, पाना, कंबरेचा पट्टा, आणि त्या वर्षी नवे आलेले चार क्लॅम्प. सासूबाईंनी तेलाचं बोट आणि हळदी-कुंकू लावलं. मला ते क्लॅम्प इतके आवडायचे की मी एकेक उघडून आतल्या खाचांनासुद्धा कुंकू लावलं. वीज जिथून जाते तिथं लावायचं, असं माझं डोकं चाललं. दुसऱ्याच कामाच्या दिवशी त्यातला एक ह्या फाट्यावर बसवायला घेतला. तारेला ब्रश मारला, चमकवली. खाचेला मारायला गेले आणि हात थांबला. पूजेचं कुंकू ब्रशनं खरवडून काढायचं? बाईच्या हाताला कुंकू पुसणं जमत नाही हो. तसाच आवळला. वर मनात नमस्कार केला.

ते नमस्काराचं कुंकू तार आणि खाचेच्या मध्ये बसून पाच महिने तिथं जळत होतं.

मामांनी दोरीनं दुसरा क्लॅम्प वर पाठवला. मी जळकी तार कापली, नवा तुकडा घेतला, ब्रश मारला. खाचांना ब्रश मारला, पुन्हा मारला, ग्रीस लावलं. खाली मामा दोरी धरून वर बघत होते. एक बोल्ट थोडा, दुसरा थोडा, परत पहिला. दोन्ही सारखे आवळले. उतरले, अर्थिंग काढलं, डीपीवर फ्यूज घातले, स्विच टाकला.

तांड्यात पोचेपर्यंत मशीन लागली होती. दारातूनच तिची ती घरघर ऐकू आली. सुनेनं नळी सिलेंडरची काढून पेटीला लावली होती. काटा शून्याला टेकला होता. आजीचे ओठ काळेनिळे झालेले. मी खाटेजवळ खाली बसून तिच्याकडं बघत राहिले. हळूहळू ओठांवर रंग आला. ओढ्यापलीकडच्या त्या खांबावर दोन पानं दोन तारांना धरून बसली आहेत, आणि त्यातून निघालेली वीज इथं ह्या म्हातारीचा श्वास होऊन राहिली आहे. मी मोठ्यानं "देवा" म्हणाले.

मग मी सगळं सांगून टाकलं. लपवायची हौस मला कधीच नव्हती. "आजी, बिघाड माझ्या हाताचा होता. पूजेचं कुंकू न पुसता क्लॅम्प बसवला. दसऱ्यापासून तुमचं व्होल्टेज माझ्यापाई कमी होतं. आणि तुमाला आकडे काढा म्हणून मीच बोलले."

आजीनं दोन-तीन श्वास घेतले. "आता... लाईन बराबर झाली?"

"व्हय आजी. झाली."

तिनं सुनेकडं मान वळवली. "मंग लोकायला सांग. पंखे लावा मनावं."

मला काही कळेना. मी सुनेला विचारलं, काय म्हणतात आजी?

सून मशीनवरची धूळ पदरानं पुसत होती. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "तुमी म्हनला होता ना ताई, लोड जास्त हाय मनून. मंग बैठक झाली तांड्याची. दिवाळीपासून दिवसा कुनी पंखा लावत न्हाई, टीव्ही लावत न्हाई. गिरनी सकाळी तासभरच. कुनाची बाळंतीन असो, लेकरू तापानं असो. लोड कमी केला तर याडीची मशीन चालती मनून."

कुणीतरी बाहेर जाऊन सांगितलं असावं. शेजारच्या घरात एक पंखा खडखडत सुरू झाला. मग त्याच्या पुढच्या घरात. मग पलीकडच्या ओळीत दोन-तीन एकदम. पाच महिन्यांनी, मार्चातल्या भर दुपारी. माझ्या हातात मीटर होता. सगळे पंखे सुरू असताना तो दोनशे सव्वीस दाखवत होता. मी तो आकडा बघत बसले, कारण मान वर करून त्या सुनेच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत होत नव्हती.