भरतीचे तुकडे

त्या कार्यक्रमाची डीव्हीडी निघणार म्हटल्यावर मी आधी हसलेच. अनोळखी माणसं एका घरात कोंडायची, चहूकडे कॅमेरे लावायचे आणि ती कशी भांडतात ते रोज संध्याकाळी जगाला दाखवायचं. वर्षानुवर्षं चाललं ते. काल कोण कुणाला काय बोललं, हे आज शेजारणीशी बोलण्यात मजा असते. ती जुनी भांडणं आता विकत घेऊन कोण बघणार? शिळ्या कढीला ऊत, दुसरं काय!

मग माझं हसू विरलं. त्या घरात माझा नवराही राहून आला होता. आमचं इस्त्रीचं दुकान, लेक तेव्हा पाळण्यात. हा बहाद्दर तिथे जाऊनही सगळ्यांचे कपडे इस्त्री करत बसला. ना भांडला, ना रडला, ना कुणाच्या प्रेमात पडला. बघणाऱ्या लोकांनी मतंच न देता महिन्याभरात घरी पाठवून दिला. पुढच्याच वर्षी तो आजारपणात गेला.

लेक मोठी होत गेली तशी विचारायला लागली, "बाबा कसा बोलायचा गं?" फोटो होते आमच्याकडे, आवाज कुठेच नव्हता. मी आपली नक्कल करून दाखवायचे. ती म्हणायची, "हा तर तुझाच आवाज." कपाळ माझं! म्हणून दुकान बंद करून मी ती डीव्हीडी काढणाऱ्या कंपनीत गेले.

साहेब म्हणाले, "डीव्हीडीत फक्त गाजलेली भांडणं घेतलीत. तुमचे यजमान कधी भांडले होते का?"

"नाही. तेवढं चुकलंच त्यांचं."

"मग ते त्यात नाहीत. आणि बाकीच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या आम्ही. रोजचा कार्यक्रम कुणी साठवून ठेवतं का, बाई?"

माझा पारा चढला. "सगळ्यांना इस्त्री करून देणाऱ्या चांगल्या माणसाला पुसलंत आणि भांडखोरांना डबीत जपून ठेवलंत!" असं मी इतक्या जोरात म्हटलं, की शेजारच्या खोलीतून एक वाकलेले गृहस्थ चष्मा कपाळावर चढवत बाहेर आले.

"इस्त्रीवाल्यांच्या घरच्या का तुम्ही? या, आत या."

हे संकलक. सगळे त्यांना मामा म्हणायचे. रोजचा भाग कापून-जोडून तयार करायचं काम त्यांचं. काळोख्या खोलीत दोन पडदे, उशी फाटलेली खुर्ची आणि गार झालेला चहा. मला खुर्ची देऊन स्वतः उभ्यानेच बोलले. भाग कमी पडला की मध्ये भरतीचे तुकडे टाकायचे, कुणी झाडांना पाणी घालतंय, कुणी केर काढतंय असे.

"बाकीचे कॅमेरा दिसला की नाटकं करायचे. तुमचा माणूस मान खाली घालून काम करायचा. कुठेही लावा, चपखल बसायचा. मला इतकी सवय झाली त्याची, की तो घरी गेल्यावरही एकदा घाईत लावला. भांडण चाललंय आणि मागे हा इस्त्री करतोय! लोकांचे फोनवर फोन. साहेबांनी मला असा धुतला म्हणता!"

मी रडत होते की हसत होते, मलाच कळेना. म्हटलं, "मामा, ते तुकडे आहेत?"

"भरतीचे मी कधी पुसले नाहीत. रोज लागायचे ना."

"आवाजासकट?"

मामांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि म्हणाले, "त्यावर आम्ही संगीत टाकायचो. खाली काय आहे ते मी कधी ऐकलंच नाही. पण कॉलरचा माईक सगळ्यांचा चालूच असायचा. शोधतो."

साहेबांच्या डब्या कुणी घेतल्या की नाही, देव जाणे. आमची डीव्हीडी मामांनी स्वतः दुकानात आणून दिली. कामाचे तास संपल्यावर बसून केली होती. मी म्हटलं, "हे उपकार मी कुठे फेडू?" तर म्हणाले, "अहो, त्याने माझे किती भाग तारले! फेडतोय मीच." त्यांच्या शर्टाच्या सुरकुत्या काही मला बघवेनात. शर्ट काढायलाच लावला. मामा बनियनवर स्टुलावर बसले आणि लेकीने डीव्हीडी लावली.

पडद्यावर तो दिसला. बाही सरळ केली, पाणी शिंपडलं. इस्त्रीची वाफ ऐकू आली. मग त्याचा आवाज. कपड्यांशीच पुटपुटत होता, "अरे, नीट बस की लेका." मी टेबलाची कड घट्ट धरली. देवा, हाच तो. लेक पडद्याला नाक लावून बसली होती.

मग त्याने एक रुमाल घडी केला, तळहाताने थोपटला आणि अगदी हळू म्हणाला, "झोपलीस का गं, चिमणे?"

"नाही रे बाबा," लेक म्हणाली, "जागी आहे मी."